फिकट पट्टा

"बंद कर ते!" देवव्रत ओरडला. "बापाच्या मरणाचा तमाशा मांडलायस नुसता!"

गंधालीने बंद केलं नाही. मुलुंडच्या त्या घरात हॉलची अख्खी भिंत प्रोजेक्टरवरच्या एका हाताने भरली होती. सुरकुतलेला, शिरा वर आलेला, कापत कापत कापडाची कड चाचपणारा हात. शनिवारी तिचा हाच व्हिडिओ अंधेरीच्या आर्ट गॅलरीत लागायचा होता. तो बंद पाडायला देवव्रत घाटकोपरहून खास रजा टाकून आला होता. वडिलांच्या आजारपणात मात्र त्याला कधी रजा मिळाली नव्हती.

आई चहा ठेवून आत गेली. थोडा बशीत सांडला होता. त्याने मान वर केली नाही.

भिंतीवर भेगाळलेली टाच आली. मग गळ्याची लोंबती कातडी. गंधालीने प्रत्येक दृश्य इतका वेळ धरलं होतं, की बघणाऱ्याला आपलंच अंग सैल पडल्यासारखं वाटावं. देवव्रतचा पारा आणखी चढला.

"परवानगी कुणाची घेतलीस?"

"घेतलीय. कागदावर सही आहे, दादा."

"थापा मारू नकोस! शेवटी बाबांना शुद्ध तरी होती का?"

"तुला काय माहीत? तू होतास?"

हे त्याला झोंबलं. तो ताडकन उठला. भिंतीवर पुन्हा तोच हात आला होता. मनगटाभोवती, वर्षानुवर्षं झाकून राहिलेल्या कातडीचा फिकट पट्टा. देवव्रतने त्यावर बोट ठेवलं.

"हे बघ! बाबांच्या घड्याळाचा वण. चाळीस वर्षं एकच घड्याळ वापरलं त्यांनी. बापाचा हात मी ओळखणार नाही?"

गंधालीने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"वकिलाशी बोललोय मी. शनिवारी तुझी वाट लावतो बघ. बाबा जाऊन तीन महिने नाही झाले! अगं, आईला तरी बघवेल का हे?"

"विचार ना तिलाच."

"आई! ए आई, बाहेर ये जरा!"

आई आली. भिंतीकडे तिने क्षणभर पाहिलं, मग मुलाकडे.

"तसाच ठेवलास ना चहा? साय धरली बघ," ती म्हणाली आणि कप उचलायला तिने हात पुढे केला. बांगड्या उतरवल्यापासून रिकाम्या असलेल्या त्या कापऱ्या मनगटाभोवती फिकट पट्टा होता.