टिंटोचं अंथरूण

“जनावरांचे डॉक्टर आत्ता येतील, आई. एक सुई, की सुटतील बिचारे.” बोगोताहून आलेल्या एफ्राईनने म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढून मेजावर ठेवला. या घरात कुत्र्यालाही अहो-जाहोच करायचे.

रोसेंदाबाईंनी तो उचलला आणि टिंटोच्या गळ्यात परत बांधला.

टिंटो अंथरुणावर गेला, स्वतःभोवती वळत राहिला, बसायला वाकला, कण्हला, आणि गार फरशीवर येऊन उभा राहिला. पुन्हा गेला. पुन्हा उठला.

“बघितलंत? झोपच नाही. डोकं गेलंय त्यांचं. असे हाल देवालाही आवडत नसतील.”

“देवाचं मी बघते. तुम्ही गुळाचं पाणी घ्या, निवतंय.”

एफ्राईनने वैतागून अंथरुणाला पाय मारला. बटाट्याचं जुनं पोतं, आत घोंगडीचे तुकडे. ते दबलं नाही, फळीसारखं सरकलं. रोसेंदाबाईंनी वाकून मधोमध तळवा दाबला. घोंगडीचा पार दगड झाला होता. खालची फरशी हाताला लागली. मग त्यांनी टिंटोचं कोपर चाचपलं. केस गेलेले, कातडी घट्टा पडून सोललेली.

“यांना काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “अंथरूण संपलंय.”

“आता नवीन गादी शिवणार? मरायला टेकलेल्या कुत्र्याला? अख्खं गाव हसेल, आई!”

“हसू देत.”

भिंतीला धरून त्या खाली बसल्या, आणि त्या पोत्यावर चक्क कुशीवर आडव्या झाल्या.

“आई! उठा! लोक काय—”

“गप बस.”

एफ्राईन एक पाऊल मागे सरला. आईने त्याला जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

रोसेंदाबाईंनी डोळे मिटून मनात प्रार्थना धरली, रोजच्यासारखी, सावकाश. ‘आमची रोजची भाकरी आज आम्हाला दे’ इथपर्यंत आल्या तोच खुब्यात कळ उठली. आमेनपर्यंत अंग बधिर झालं. टिंटोने येऊन त्यांचं तोंड हुंगलं आणि तो शेजारी उभा राहिला.

दार वाजलं. बॅग घेऊन आत आलेले डॉक्टर उंबऱ्यातच थबकले.

“रोसेंदाबाई! पडलात की काय?”

“छे हो. झोपून बघतेय.” आवाज नेहमीसारखाच हळू होता. “या अंथरुणावर ज्याला झोप येत नाही, त्याला सुई द्यायची, असं ठरलंय म्हणे आमच्या घरात.”

त्यांनी बाही कोपराच्या वर सारली आणि हात पुढे केला.

“मलाही येत नाहीये, डॉक्टर. माझ्यापासून सुरू करा.”