जबड्याच्या कडेवरची नाडी

करुणा गोंदियाहून वाघोलीच्या डेंटल कॉलेजात आली, त्याला वर्ष होत आलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिच्या वैदर्भी बोलीतल्या ‘करून राहिले’वर वर्ग खळखळून हसला, तेव्हापासून ती कामापुरतंच बोलायची. फ्लॅटमधल्या मुली कॉल सेंटरला रात्रपाळी करायच्या. ती घरी यायची तेव्हा त्या निघालेल्या असायच्या. परीक्षेआधीच्या उजळणीत मॅडमनी जोड्या लावून जोडीदाराच्या चेहऱ्यावर फेशियल आर्टरीची नाडी शोधायला सांगितली. करुणाच्या वाट्याला मुग्धा आली. “दात घट्ट आवळ,” म्हणत मुग्धाने तिच्या जबड्यावर बोटं टेकवली. दिवाळीच्या सुट्टीहून परतताना स्टेशनवर आईने गालांवरून हात फिरवला होता, त्यानंतर या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. करुणाचे डोळे भरून आले. “मिळाली! केवढी जोरात उडतेय,” मुग्धा म्हणाली आणि तिने वर पाहिलं. “दुखलं का गं?” “नाही, आईची आठवण येऊन राहिली,” करुणा बोलून गेली आणि आता ही हसणार म्हणून तिने मान खाली घातली. मुग्धा हसली नाही. “आता अदलाबदल करा,” मॅडम म्हणाल्या. मुग्धाने डोळे मिटून चेहरा पुढे केला. करुणाच्या बोटांना काहीच लागेना. “तिथे नाही, जरा पुढे,” म्हणत मुग्धाने तिची बोटं धरून जागेवर ठेवली. बोटांखाली संथ ठोका जाणवला. “मिळाली का, करुणा?” मॅडमनी विचारलं. “अजून नाही,” ती म्हणाली आणि तिने बोटं तशीच ठेवली.