पिकअपचं नाक

फाटकाकडे तोंड करून अंगणात उभी केली की माझी पिकअप पुढून झुकलेली दिसायची. मेहुणा चिडवायचा, "दाजी, गाडी माती हुंगतेय वाटतं." जन्मभर गवंडीकाम केलेल्या माझ्या डोळ्यांना ते खुपायचं. मेकॅनिक म्हणाला, "काका, गाडी सरळच आहे." मी म्हटलं, "सरळ-वाकडं तू मला शिकवणार?" आणि लेव्हलिंग किट बसवून पुढची बाजू उचलून घेतली.

आता अंगणात गाडी अगदी पाणसळीत उभी राहते. रस्त्यावर आली की मात्र नाक आभाळाला लावते. असं कसं झालं, म्हणून मी डोकं खाजवत बसलो.

बायको म्हणाली, "अहो, अंगणातलं सगळं पाणी फाटकाशी तुंबतं, हे तुम्ही फरशी घातलीत त्या दिवसापासून सांगतेय मी."