कुरणातली गर्जना

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या रानात गर्जणारी माकडं परत आलीत!" एर्मेलिंदाबाईंनी ठणकावलं.

कोस्टा रिकातलं हे कुरण बाईंनी गुरं विकून पुन्हा रान व्हायला मोकळं सोडलं होतं. रान राखल्याबद्दल सरकार पैसे देई. आज गावातले स्वयंसेवक पाहणीला आले होते. रान जिवंत झाल्याची खूण मिळाली नाही, तर पैसे बंद आणि दिराची गुरं आत.

दीर कुंपणाला टेकून हसला. "वहिनी, माकडं राहू द्या. इथं साधा सरडा फिरकत नाही!"

"तुमची गुरं आत यायची ती माझ्या मढ्यावरून, भावजी!"

तेवढ्यात, ठरल्याप्रमाणे, झाडावर दडलेल्या तोबियासनं, म्हणजे बाईंच्या नवऱ्यानं, नरडं फाडून गर्जना केली. लगोलग दुसरी गर्जना झाली, पहिलीहून दांडगी. म्हातारा आज भलताच रंगलाय, बाई मनात म्हणाल्या.

स्वयंसेविका शिनियानं कान टवकारले.

 

"मावशी, पहिला आवाज तोबियासकाकांचा, मधेच खोकले ते. पण ओढ्यापलीकडून त्यांना उत्तर कोण देतंय?"