नळीवरचा सात

पाण्यासारख्या नितळ द्रवाचा थेंब लॅबमधल्या धाकटीने तपासणीच्या पट्टीवर सोडला आणि काचेपलीकडच्या खाटेवरून लॅबचे जुने मास्तर तिच्या हाताकडे बघू लागले. एक रेघ उमटली तर सुटका. दोन उमटल्या तर मेंदूच्या आवरणात बुरशी. दहा मिनिटं थांबायचं होतं.

द्रव मास्तरांच्याच पाठीच्या कण्यातला होता. हे फक्त डॉक्टरांना ठाऊक. नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. मास्तरांची कंबर धरलीय, तासभर पडू दे, एवढंच डॉक्टरांनी धाकटीला सांगितलं होतं. लॅबचं सगळं काम ती मास्तरांच्याच हाताखाली शिकली होती.

नऊ वर्षांपूर्वी एचआयव्ही निघाला, तेव्हापासून मास्तरांनी डॉक्टर सोडून कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. चार महिन्यांपूर्वी गोळ्यांच्या खिडकीवर ओळखीची बाई बसू लागली आणि त्यांनी तिकडे फिरकणंच सोडलं. लाजेपायी जीव टांगणीला लावला. आता तीन आठवडे डोकं नुसतं ठणकत होतं. तरी खरी धास्ती होती ती धाकटीची. लॅबमध्ये दोघांत एक थर्मास आणि त्याचं एकच झाकण. आधी मास्तर दोन घोट घेत, उरलेला चहा ती पिई. तिला कळलं तर उद्या ती स्वतःचा कप घेऊन येईल. तो कप त्यांना आताच दिसायला लागला होता.

धाकटी पट्टीवर वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग डॉक्टरांना फोन करून ती थर्मास घेऊन आत आली.

"दोन रेघा आहेत. पण दुसरी अगदी फिकट. वेळेत सापडलंय, डॉक्टर औषध घेऊन निघालेत."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड वळवलं. "मला कशाला सांगतेस? पेशंट कोण, मला काय माहीत?"

तिने नळी त्यांच्यासमोर धरली. सवयीने आकडा त्यांनीच घातला होता. मधोमध आडवी रेघ मारलेला सात. अख्ख्या इमारतीत तसा सात दुसरं कुणी काढत नसे.

"म्हणजे आज कळलं तुला," ते कसेबसे म्हणाले.

"दर सहा महिन्यांनी एचआयव्हीच्या तपासणीला रक्ताची एक बिननावाची नळी येते, मास्तर. हाच सात असतो. आठ वर्षं मीच तपासतेय." तिने झाकणात चहा ओतला आणि त्यांच्या हातात दिला. "आता दोन घोट घ्या लवकर, माझा चहा निवतोय."