ब्लडी म्हणजे चहा

“ब्लडी,” फिटर म्हणाले.

“चहा मागतायत,” त्यांच्या बायकोने खुलासा केला.

बोलणं शिकवायला येणाऱ्या मुलीने उसासा दाबला. अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते, आणि अख्ख्या भाषेतून फिटरांच्या तोंडी हा एकच शब्द उरला होता. आजही दुसरा आला नाही, तर उद्यापासून चित्रांचे तक्ते.

“कपाच्या चित्रावर बोट ठेवायला ते काय बालवाडीत आहेत?” बाई फणकारल्या. त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान पुढे केलं. त्यावर पेन्सिलीने यादी केली होती. ब्लडी, हळू: चहा. ब्लडी, लांबवून: पंखा बंद कर. ब्लडी ब्लडी: जावई आले. सातव्या ओळीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. “हे त्या स्टुलाकडे बघून म्हणतात. रागाने. काही केल्या कळत नाही.”

मुलीला हसू आवरेना. “शिकले कुठे हा शब्द, काकू?”

“वर्कशॉपात. नट बसला नाही की पहिला फोरमन म्हणायचा. यांनी पाना नंतर धरला, शब्द आधी उचलला. याचा रक्ताशी काही संबंध असतो का गं?”

“कुणी म्हणतं रक्तावरून आला, कुणी म्हणतं ‘बाय अवर लेडी’ ही येशूच्या आईची शपथ झिजून झाला. नक्की कुणालाच माहीत नाही.”

“आईची शपथ! म्हणजे तितका काही वाईट नाही.” बाई एकदम खूश झाल्या. मग आवाज उतरला. “घरात मात्र कधी नाही गं काढला तोंडातून. घरात आपलं ‘अगं’. नावाने हाक कधी मारलीच नाही. आता ते ‘अगं’ही गेलं.”

त्या एका हाकेवाचून घर त्यांना खायला उठत होतं. पण हे मुलीला कशाला सांगायचं? साखरेचा डबा काढायला त्या स्टुलावर चढल्या. हात फळीपर्यंत पोचला आणि स्टूल कलंडलं.

“अगं!”

बाई फळी धरून तशाच थांबल्या. मुलीच्या हातातलं पेन खाली पडलं. खुर्चीतले फिटर लालबुंद होऊन स्टुलाच्या ढिल्या पायाकडे बोट दाखवत होते. “ब्लडी!”

बाई जपून उतरल्या. साखर वरच राहिली. त्यांनी सातव्या ओळीतलं प्रश्नचिन्ह खोडून ‘पाय ढिला’ असं लिहिलं. मग पदराने डोळे पुसले आणि खाली नवी ओळ घातली.

अगं: मी.