संगणकातलं पाणी

मिठागरात राबणाऱ्या द्वारकाबाई म्हात्र्यांनी आपले चिरलेले, रक्ताळलेले पाय थेट कंपनीच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवले. पायांवर फवारलेला कंपनीचा रक्षक थर आठवड्यातच सुटला होता.

"सुटणं शक्यच नाही," अधिकारी म्हणाला. "आता सगळ्या चाचण्या संगणकातच होतात. तिथं ऋणभारित कातडीवर आमचे धनभारित रेणू वर्षभर चिकटून राहिले. तुमची तक्रार घेता येणार नाही."

"संगणकातल्या पाण्यात मीठ किती होतं?"

त्याने पडद्यावर शोधलं. त्याचा आवाज उतरला. "नव्हतं. मिठाने रेणूंची पकड सैल होते, गणितही फार लांबतं, म्हणून वगळलं."

द्वारकाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी टेबलावरची फवाऱ्याची बाटली उचलली.

"बूट काढा, साहेब. थर लावते."

तो उठून दाराकडे सरकला. द्वारकाबाईंसोबत येऊन दारात उभ्या असलेल्या बायकांनी त्याला वाट दिली, पण फक्त मिठागराच्या बाजूची.